ताईच्या रुखवतातलं विमान

आमच्या घरात ताईच्या नवऱ्याच्या आधी त्याचं विमान आलं. म्हणजे विमानाचा फोटो. स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थानं पिशवीतून पत्रिका काढली, पत्रिकेला टाचलेला एक काळा-पांढरा फोटो वडिलांच्या हातात दिला आणि स्वतः पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. फोटोत नाकापासून शेपटीपर्यंत आख्खं लढाऊ विमान होतं, आणि त्याच्या नाकाशी, कुणी तरी दटावून उभा केल्यासारखा, एक किडकिडीत पोरगा. मायनं फोटो उजेडात धरला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "पोऱ्या कोठे शे यामा? मले तं इमानच दिसी ऱ्हायनं." मध्यस्थ हसला. पोरगा हवाई दलात फिटर आहे, घरचं वावर आहे, व्यसन नाही, गाव शिंदखेड्याकडचं, असं त्यानं एका दमात सांगून टाकलं. फिटर हा शब्द ऐकून वडील जरा सरसावून बसले, कारण तेही फिटरच होते.

आम्ही ब्राह्मणपुरीचे. घरची थोडी शेती होती आणि वडील पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात कामाला होते. गाळप सुरू झालं की त्यांच्या कपड्यांना मळीचा आंबूस-गोड वास यायचा, तो साबणानं जात नसे आणि मला तो फार आवडायचा. रस्त्यानं दिवसभर उसाच्या गाड्या जायच्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज ओसरीत बसून ऐकू यायचा. घरात आम्ही पाच माणसं. माय, वडील, ताई, मी आणि फुई. फुई म्हणजे वडिलांची बहीण. माझं खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच, बाकी साऱ्या गावाला मी बेबी. आता माझे केस पिकले, नंदुरबारच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, तरी गावात गेलं की पारावरची म्हातारी माणसं "बेबी उनी वं!" म्हणूनच हाक मारतात. मेल्यावरही बेबीच राहणार बहुतेक.

फुईबद्दल आधी सांगायला हवं, नाही तर पुढचं काही कळणार नाही. फुईचं लग्न ठरलं तेव्हा नवरा रेल्वेत गार्ड आहे असं सांगितलं होतं. हातात झेंडी, तोंडात शिट्टी, असं सगळं वर्णन. लग्नानंतर कळलं की तो गाडीत फिरून पेरू विकतो. पेरू विकण्यात वाईट काहीच नव्हतं. वडील म्हणायचे, खरं सांगितलं असतं तरी पोरगी दिली असती. पण ज्यानं हे खोटं सांगितलं त्यानं पुढं सगळंच खोटं सांगितलं, आणि त्यात एक आधीची बायकोही होती. फुई परत आली ती कायमची. ती दणदणीत बाई, चार बायकांचं काम एकटी उरकायची, पण घरात स्थळाचा विषय निघाला की तिचं तोंड आंबट व्हायचं. "गोडगोड बोलनारा पोऱ्या असा तं दारमाच उभा करज्यात नका," असं ती बजावायची. त्यामुळे आमच्या घरी स्थळ कसं आहे, यापेक्षा स्थळ खरं आहे का, हे आधी पाहिलं जाई.

आता हा पोरगा गोड बोलणाऱ्यातला नव्हताच. तो मुळात बोलतच नव्हता. बघायला आला तेव्हा मान खाली घालून पोहे खाल्ले, ताईला "शिक्षण किती झालं?" एवढंच विचारलं, तेही पत्रिकेत लिहिलेलं होतं, आणि निघून गेला. माय म्हणाली, मुका शे का काय. फुई म्हणाली, बरं शे, मुका खोटं नही बोलस. साखरपुडा झाला, तारीख ठरली. आणि ताईनं एक दिवस भाकरी थापता थापता मला सांगितलं, "बेबी, मन्हा रुखवतमा येक इमान पायजे. यान्हंच, फोटोमातलं." रुखवतात तेव्हा काय असायचं? पापडासारखे ज्वारीचे बिबडे, कुरडया, मण्यांचे बैल, लोकरीचं तोरण, नारळावर रंगवलेला नवरदेव. त्यात विमान! मायनं कपाळाला हात लावला. पण ताई हट्टाला पेटली होती. मला हळूच म्हणाली, त्याच्याशी बोलायला माझ्याजवळ काहीच नाही गं, निदान विमानावरून तरी दोन शब्द बोलेल.

लाकूड पांगाऱ्याचं घेतलं, चाकूला लोण्यासारखं कापलं जातं म्हणून. माप काढायला युक्ती केली ती वडिलांनी. पत्रिकेत पोराची उंची लिहिलेली होती, फोटोत तो विमानाजवळ उभा होता, तेव्हा पोरगा किती वेळा आडवा झोपवला म्हणजे विमान भरतं, असा हिशेब. "उंची तरी खरी सांगी व्हई का?" असं फुईनं विचारल्यावर वडील थबकले. मग कारखान्याच्या वाचनालयात जुनी मासिकं धुंडाळून मी फोटोतल्यासारखं विमान शोधलं, ते मिग निघालं, त्याची लांबी लिहून आणली, आणि हिशेब जवळपास जुळला. म्हणजे उंची खरी होती. त्या दिवशी फुईनं मला वाढताना शेंगदाण्याच्या चटणीवर तेलाची जरा मोठी धार सोडली.

खरी पंचाईत रंगाची. फोटो काळा-पांढरा, आणि विमानाच्या पाठीवर दोन तऱ्हेचे करडे डाग, पोट मात्र फिकट. हे डाग कोणत्या रंगाचे? मी वेड्यासारखी शोधत सुटले. न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर विमान होतं, ते आइस्क्रीमसारखं गुलाबी-निळं. पोस्टात एक तिकीट मिळालं, त्यावर सगळं एकाच रंगात. वाचनालयातल्या मासिकात चांदीसारखं चकचकीत. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगे. शेवटी शहाद्याला सलीमचाचांकडे गेले. चाचा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांची दाढी मेंदीनं लालभडक, आणि हातावर कायम चार रंगांचे ओघळ. त्यांना विमान एकदम पसंत पडलं. "शेपटीवर कमळ काढू, पंखांवर मोर, आणि मागं 'फिर मिलेंगे'!" मी रडकुंडीला आले तेव्हा कुठं त्यांनी मोर रद्द केला.

मग मला एक कल्पना सुचली, आणि आजही सांगते, माझ्या डोक्यातून निघालेली ती सगळ्यात चांगली कल्पना. चाचांकडच्या साऱ्या रंगांचे पट्टे मी एका पुठ्ठ्यावर ओढले आणि तो पुठ्ठा घेऊन स्टुडिओत गेले. म्हटलं, याचा काळा-पांढरा फोटो काढा. फोटोवाला माझ्याकडे बघतच राहिला. लोक पोरीचा फोटो काढून घ्यायला येतात, ही पुठ्ठ्याचा काढा म्हणते! पण त्यानं काढला. तो फोटो विमानाच्या फोटोशेजारी धरला आणि करड्याला करडा जुळवत गेले. गडद डाग हिरव्याशी जुळला, दुसरा खाकीशी, पोट फिकट निळ्याशी. मी घरी जाऊन सांगितलं, वरून पाहिलं तर रान दिसावं आणि खालून पाहिलं तर आभाळ, म्हणून असं रंगवतात. माय म्हणाली, "हाई बरं शे. लपीसन ऱ्हावानं." आज ताईचा नातू पुण्यात बसून जोडायच्या छोट्या विमानांचे डबे मागवतो, मोबाइलवर शंभर फोटो पाहतो आणि एका हिरव्या छटेवरून परक्या देशातल्या माणसांशी रात्रंदिवस भांडतो. मी त्याला हा किस्सा सांगितला तर म्हणाला, आजी, तू तर भारीच होतीस. होतेच मी.

पण त्या फोटोत आणखी एक गोष्ट होती, आणि तिनंच सगळा घोळ घातला. विमानाच्या नाकाजवळ, काचेच्या खाली, तीन काळपट रेघा होत्या. उभ्या, जराशा तिरप्या, लांबीला कमी-जास्त. वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात मी पाहिलं होतं की परदेशी वैमानिक शत्रूचं विमान पाडलं की आपल्या विमानाच्या नाकावर एकेक खूण रंगवतात. झालं! जेवताना मी वडिलांना जाहीर केलं, "दादा, त्या विमानानं तीन विमानं पाडलेली आहेत." वडिलांच्या हातातला घास हातातच राहिला. दुसऱ्या पाळीपर्यंत कारखान्यात, आणि संध्याकाळपर्यंत गावात, एकच चर्चा: पाटलांच्या, म्हणजे आमच्या, जावयानं तीन विमानं पाडली! विमानानं पाडली ते राहिलं बाजूला, जावयानंच पाडली झालं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? वडिलांनी मध्यस्थाला विचारलं, तर तो पठ्ठ्या म्हणतो, "असतीन, असतीन! सांगा ना लोकेस्ले!"

रेघांचा रंग मात्र ठरेना. पुठ्ठ्याच्या फोटोत लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे आले होते. चाचा म्हणाले, "बेटा, काळा-पांढरा फोटोमा लाल बी काळा, हिरवा बी काळा. मन्ही दाढी बी त्यामा काळीच येस, म्हणीसन तं मी फोटो काढस!" तेव्हा वडील म्हणाले, खांडबाऱ्याला आपले हवालदारमामा आहेत, फौजेतून आलेले, त्यांना विचारू. नंदुरबारहून पॅसेंजरनं आम्ही बाप-लेक खांडबाऱ्याला गेलो. बाजाराचा दिवस होता, स्टेशनापासूनच टोपल्या आणि कोंबड्यांची गर्दी. मामांनी खाटेवर बसवून चहा दिला, फोटो हातभर लांब धरून पाहिला आणि मिशीवरून हात फिरवला.

"विमानं आपण खालूनच पाहिली," ते म्हणाले, "रंगाचं मला विचारू नका. पण एक सांगा, मुलगा काय म्हणून आहे?"

"फिटर."

"फिटर जमिनीवर असतो. तो काय पाना फेकून विमान पाडतो? आणि तीन पाडलेलं विमान म्हणजे पेपरात नाव येतं. या रेघा मागाहून फोटोवर काढलेल्या दिसतात. स्थळ जमवायला लोक काय काय करतात, तुम्हाला मी काय सांगू? तुमच्या बहिणीचं..." तिथं ते थांबले. थांबले ते बरं केलं, पण जे कळायचं ते वडिलांना कळलं. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

घरात मग जे झालं ते काय सांगू! फुईनं डोक्यावर पदर घेतला आणि जात्याशी जाऊन बसली, दळायला काही नसताना. "मी सांगं व्हतं," एवढंच म्हणत राहिली. मायचं म्हणणं, विचारा त्यांना सरळ. पण साखरपुडा झाल्यावर सोयऱ्याला असं विचारायचं म्हणजे तुमच्यावर संशय आहे म्हणून सांगणं. आणि खरं निघालं, पोरगा सज्जन निघाला, तर त्या घरात ताईला जन्मभर टोमणे. न विचारावं तर दुसरी फुई होण्याची भीती. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडवाचा माणूस ठरला होता. मला तर वाटे, मी त्या रेघा पाहिल्याच नसत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, बिबडे घालत होतो. ऊन असं की पळी टेकवली की चर्र होई. ताई शांतपणे गोल गोल बिबडे टाकत होती. मी म्हटलं, ताई, मी रेघा काढतच नाही, कुणाला कळणार आहे? तिनं पळी खाली ठेवली.

"काढ," ती म्हणाली. "जशा शेत तशाच काढ. तेन्हा पुढे ठेवसूत. सारा गाव म्हणी, तीन इमानं पाडात. तो हो म्हणस का नही म्हणस, मले दखू दे."

"आणि हो म्हणाला तर?"

एकदम तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला. "बेबी, मले भ्याव वाटस वं. फुईसारखी मी बी परत येसू का?" आणि आम्ही दोघी त्या उन्हात, पिठाच्या हातांनी, गळ्यात गळा घालून रडलो. बिबडे तेवढ्यात करपले नाहीत, वाळून कडक मात्र झाले.

रेघा मी हिरव्या रंगवल्या. का, तर विमान हिरवं आहे म्हणून. एवढंच कारण.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून गोवऱ्यांच्या विस्तवावर बट्ट्या भाजल्या जात होत्या, गंगाफळाच्या भाजीचा घमघमाट सुटला होता आणि कर्ण्यावर कसली तरी गाणी कोकलत होती. रुखवत ओसरीत मांडलं होतं. मधोमध विमान. साबणाच्या डबीची काच, पंखांवर केशरी-पांढरी-हिरवी चकती, आणि नाकाखाली त्या तीन रेघा. लग्न लागायच्या आधी वऱ्हाडातल्या बायका बघून गेल्या, मग थट्टामस्करी करत नवरदेवाला आणलं. मागं आतल्या दाराच्या फटीत ताई उभी होती, मला तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. फुई खांबाला टेकून, हाताची घडी घालून. नवरदेवाचा मामा मोठा बोलका माणूस. तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "दखा, दखा! तीन इमानं पाडनारं इमान! आम्हना भाचा काय लहान असामी शे का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नवरदेव वाकला. मुंडावळ्या बाजूला सारून त्यानं विमान नीट पाहिलं, शेपटी पाहिली, पोट पाहिलं. मग रेघांपाशी त्याची नजर अडकली. लोक थांबले, मामा थांबला, कर्ण्यावरचं गाणंही नेमकं तेव्हाच संपलं.

"हाऊ रंग कोणी दिन्हा?" त्यानं विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"भलतं झ्याक करं तू. पण ह्या हिरव्या रेघा कसान्या?"

आता बोलली ती फुई. खांब सोडून पुढं आली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "पाव्हना, तुम्हना फोटोमा शेत त्या. लोके म्हणतस, तीन इमानं पाडात त्यान्या खुणा. तुम्हीच सांगा काय खरं शे."

त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. फोटो आठवायला त्याला वेळ लागला असावा. आणि मग तो माणूस, जो पोहे खाऊन मान खाली घालून गेला होता, तो असा खदखदून हसला की मुंडावळ्या कानात अडकल्या. रुखवतातल्या कुंकवाच्या करंड्यात त्यानं तीन बोटं बुडवली आणि ओसरीच्या पांढऱ्या भिंतीवर वरून खाली ओढली. तीन रेघा. जराशा तिरप्या, लांबीला कमी-जास्त. "कुंकू हिरवं कधीपासून व्हयनं वं?" तो मला म्हणाला. "दसरा व्हता त्या दिन. आम्ही हत्यारेसनी पूजा करतस, इमाननी बी करतस. हाई बोटं मन्हाच शेत. फोटोवाला त्याच दिन उनता."

"अरे, लोके ऐकी ऱ्हायनात!" मामानं त्याला कोपरानं ढोसलं.

"ऐकू द्या, मामा. मी इमान पाडत नही. कोनतंच इमान पडाले नको म्हणीसन नट कसस."

ओसरीत असा हशा उसळला की बट्ट्यांपाशी बसलेले लोकही उठून बघायला आले. वडील हसत नव्हते. त्यांनी पुढं होऊन जावयाचा हात धरला, कुंकवाचा तोच हात, आणि नुसता धरून ठेवला. फिटरचा हात फिटरला कळला असेल, दुसरं काय. आणि फुई! ती जमिनीवर बसून कपाळ बडवून हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. "अवं माय! आपला ट्रॅक्टरले दर दसऱ्याले मीच लावस अशी बोटं! बैलले लावस, नांगरले लावस, आनि मले समजनं नही! सरकारी इमानले कोन कुंकू लावी, म्हणीसन कोनाच ध्यानमा उनं नही!" खरंच होतं तिचं. आमच्या गोठ्याच्या दारावर तशाच रेघा वाळलेल्या होत्या, आणि आम्ही त्या सोडून इंग्रजी मासिकं धुंडाळत होतो. त्या दिवशी माय पंगतीत बसून चांगली दोन-दोनदा वरण-बट्टी मागून जेवली. साखरपुड्यापासून तिनं पोटभर अन्न खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं.

दाराच्या फटीतून ताई कधी हसली ते मला दिसलं नाही, पण बांगड्या वाजल्या. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणतात ते काय असतं, हे मला त्या ओसरीत कळलं. पुढं आयुष्यात मीही बऱ्याच वेळा सुटकेचे श्वास सोडले, परीक्षेचे, बाळंतपणाचे, दवाखान्यातले. त्यांना त्या दिवसाची सर नाही. भाऊजी आजही कमीच बोलतात. पण जे बोलतात ते डोळे मिटून खरं मानावं.

ताईची पाठवणी दुपार कलताना झाली. आमच्याकडे पोरीनं जाताना रडायचं असतं, नाही रडली तर बायका नावं ठेवतात. माय रडली, फुई पुन्हा रडली, सलीमचाचा लाल दाढी पुसत उभे होते. मी तर ताईच्या हाताला अशी चिकटले की कुणाला सोडवता येईना. गाडी सुरू झालेली, धूर सुटलेला, नवरदेव विमान मांडीवर घेऊन आत बसलेला. ताईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती माझ्या कानाशी वाकली.

"बेबी, हात सोड वं," ती म्हणाली. "मी खुशीनं जाई ऱ्हायनू."

मी हात सोडला.